दोर कुणी धरायचा

तामलवाडी,
७ नोव्हेंबर २०२४

सौ. इरम्मा विहीणबाई यांना
गिरिजाबाईचा नमस्कार.

ख्यालीखुशाली विचारायला फोन आहे. हे पत्र मुद्दाम लिहिते, कारण फोनवर आपण दोघी बोलायला लागलो की इकडून माझा युवराज आणि तिकडून तुमचे यजमान कल्याणप्पा मध्ये तोंड घालतात आणि भांडण नीट होत नाही. नोकरीभर मी पालकांना पत्रं लिहिली, तसंच हे एक समजा. पाल्याचं नाव हर्षाली. विषय, वर्तन.

भाऊबीजेला ती तुमच्याकडं उशिरा पोचली. बस चुकली असं तिनं सांगितलं असेल. बस चुकली नव्हती. यंदा भाऊबीज रविवारी आली, आणि रविवारी सकाळी तुमची लेक कड्याला पालीसारखी चिकटलेली असते.

कडा म्हणजे काही कौतुकाचा नव्हे. तुळजापूरच्या अंगाला डोंगरात एक काळा दगड उभा आहे, तीन मजली इमारतीएवढा. सोलापूरच्या काही पोरापोरींनी त्यात खालपासून वरपर्यंत लोखंडी कड्या ठोकल्यात. चढणारीनं कमरेला दोर बांधायचा आणि वर जाता जाता तो एकेका कडीत अडकवायचा. दोराचं दुसरं टोक खाली एकजण सांभाळतो, म्हणजे वरची पडली तर तिथंच लटकते. शेवटच्या कडीला हात लागला की संपलं. मग लोंबकळत खाली. मी विचारलं, वर आहे काय? देऊळ नाही, पाणी नाही, साधी बोरीची जाळीसुद्धा नाही. "वर काही नाही, आत्या," म्हणते, "मजा मधे असते." मागच्या अंगानं पायवाट आहे, तिच्यावरून गुराखी म्हशी वर नेतो. म्हशींना जे कळतं ते तुमच्या बी.एस्सी. झालेल्या मुलीला कळत नाही.

बरं, कडा सोपा आहे, असंही तीच सांगते. नवशिक्यांचा. त्या सोप्या कड्यासाठी चपट्या बुटांत पाय कोंबून नखं निळी करून घ्यायची. त्यांची म्होरकी युसरा म्हणून एक आहे, कॉलेजात शिकवते. तिच्या हातांना गवंड्यासारखे घट्टे आहेत आणि ते ती दागिन्यासारखे दाखवते.

माझा युवराज बिचारा खाली दोर धरून उभा. आठवडाभर मोबाइल कंपनीसाठी दुकानदारांच्या मागं हिंडायचं, आणि सुट्टीला बायकोकडं मान वर करून बघायचं. मान अवघडते त्याची.

संगोपन तुमचं, तेव्हा समजही तुम्हीच द्यावी.

गिरिजाबाई


सास्तूर,
१६ नोव्हेंबर

गिरिजाबाई विहीणबाईस
शरणु शरणार्थी.

पोस्टमननं पत्र आणलं तसे हे घाबरले, कोण गेलं म्हणून. आजकाल पत्र आलं की माणसाला तेच वाटतंय. मग वाचून दाखवलं तर कल्याणप्पा हसत बसले. म्या हसले न्हाय.

संगोपन आमचं, व्हय. पण पोरगी बघायला आला तवा तुम्हीच म्हणाला होता, आम्हाला चूल फुंकणारी नको, धडाडीची पाहिजे. आता घ्या धडाडी, आणि मोजून घ्या.

बस चुकली असंच सांगितलं तिनं. भाऊ उपाशी वाट बघत बसला होता. ओवाळताना बघितलं तर बोटं सोललेली. विचारलं तर म्हणाली, लॅबमधलं औषध लागलं. लग्नाआधी तिला खोटं बोलायला येत नव्हतं. तुमच्या घरी बरंच शिकली.

दगडाचं मात्र तुम्हाला सांगावं लागंल. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं दगडमातीचं घर झोपेत अंगावर आलं. माझी सासू गेली आणि माझा पहिला पोरगा गेला. रांगायला लागला होता. आता सिमेंटच्या पातळ भिंतीचं घर हाय, तरी म्या भिंतीला पाठ लावून बसत न्हाय. आणि माझी पोरगी सुट्टी काढून दगडाला मिठी मारायला जाते. तुम्हाला त्यात वर्तन दिसतंय. मला काय दिसतंय ते लिहीत न्हाय.

फोन केला होता. "अव्वा, एकदा येऊन बघ तरी," म्हणाली. म्हटलं, दगड म्या लई बघितले.

तुम्ही हेडमास्तरीण. सगळी शाळा एका शिट्टीत गप करत होता म्हणे. एक सून खाली उतरवता येत न्हाय? स्वतः जावा आणि खाली काढा. सुनेला वळण लावायला तिच्या म्हेरी पत्र पाठवायचं, ही रीत आमच्या इकडं नव्हती. तुमच्याकडं शिकलेली माणसं, असंल.

इरम्मा


तामलवाडी,
१० डिसेंबर

सौ. इरम्मा विहीणबाई यांना नमस्कार.

दवाखान्यात तुम्ही काही नीट ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. तिला सास्तूरला नेलंत हे बरं केलंत. इथं आम्ही दोघं, त्यात युवराज दिवसभर बाहेर. घडलं ते क्रमानं लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणी तिखटमीठ लावू नये.

तुम्ही टोमणा मारलात म्हणून त्या रविवारी मी गेले. शेजारच्या शंभूच्या मोटारसायकलवर मागं बसून गेले, तेही या वयात, कुणामुळं ते सांगायला नको. युसराची टोळी पलीकडच्या दगडापाशी होती. इकडं ही दोघंच. मी पोचले तेव्हा हर्षाली तिसऱ्या आणि चौथ्या कडीच्या मधे होती. हाक मारणार होते, मारली नाही. वर असलेल्याला दचकवू नये एवढं मला कळतं. तेवढ्यात तिचा पाय घसरला. खाली आली ती, मधे दगडाचा एक टप्पा पुढं आलाय, त्यावर डावा पाय आपटला. मग दोर ताणला आणि ती लटकली. दोर युवराजच्या हातात होता म्हणून जमिनीवर आली नाही. घोट्याचं हाड मोडलं. एवढंच झालं.

तुमच्यासमोर तीही हेच म्हणाली, की पाय घसरला. सोप्या कड्यावरून पडली, हे तिच्या हट्टाला शोभण्यासारखंच आहे. आता तरी ते बूट चुलीत घालावेत.

गिरिजाबाई


सास्तूर,
१९ डिसेंबर

गिरिजाबाई विहीणबाईस शरणार्थी.

माझ्या पोरीची बाजू घेऊन म्या तुम्हाला वाकडं लिहिलं, ते मागं घेते. तुमचं खरं होतं. पोरगीच उनाड.

दवाखान्यात सगळ्यांसमोर तिला लई बोलले. नवऱ्याच्या जिवाला घोर, सासूला मोटारसायकलवर बसायला लावलंस, लाज वाटू दे. तिनं एक शब्द उलट केला न्हाय. म्या समजले, चूक कळली. जावईबापू बाहेर बाकड्यावर बसले होते, त्यांच्या डोक्यावरनं हात फिरवला. म्हटलं, तुम्ही दोर धरला म्हणून माझी पोरगी हाय. ते खाली मान घालून बसले. गुणाचं लेकरू, स्तुती सहन होत न्हाय.

कल्याणप्पांबरोबर त्यांच्यासाठी शर्टपीस आणि टॉवेल-टोपी पाठवली. पोचली असंल. जोंधळे आमच्या रानातले हायत, तुमच्यासाठी.

हिचं म्हणाल तर पलंगावर पडून असती. कुणाशी बोलत न्हाय. नवऱ्याचा फोन आला की म्हणती, झोपले म्हणून सांग. शरमेनं असंल. पडलेली माणसं वर बघत न्हायत.

बूट म्या चुलीत घातले असते, पण आमच्याकडं आता गॅस हाय. पेटीत टाकलेत.

इरम्मा


तामलवाडी,
२ जानेवारी २०२५

सौ. इरम्मा विहीणबाई यांना नमस्कार.

तुमचा आहेर परत पाठवते आहे. जोंधळे ठेवून घेतले, कारण ते माझ्यासाठी होते.

युवराजनं त्या कापडाचा शर्ट शिवायला टाकला होता, तो मी शिंप्याकडून तसाच कापलेला उचलून आणला. परवा याचे दोन मित्र आले होते. चहा द्यायला मी आत-बाहेर करत होते. हा सांगत होता, "क्षणात दोर आवळला, नाहीतर गेली होती." मित्र म्हणाले, वाघ आहेस. वाघानं मान डोलावली. त्या वेळी मला माझ्या पोटाची शिसारी आली.

मागच्या पत्रात लिहिलं त्यात खोटा शब्द नाही. पण ते अर्धं आहे. शाळेत अशा उत्तराला मी शून्य द्यायची, कारण अर्धं सांगणाऱ्या मुलाला उरलेलं माहीत असतं.

मी पोचले तेव्हा युवराज फोनवर बोलत होता. फोन कान आणि खांद्यामधे दाबलेला, मान वाकडी, डोळे जमिनीकडं. कुण्या दुकानदाराला नव्या योजनेतल्या सवलती समजावत होता. त्याच्या समोर दोराचा मोठा झोळ पडला होता. खालच्या माणसानं वरच्याकडं बघत दोर हवा तेवढाच सोडायचा असतो, झोळ पडू द्यायचा नसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण शिकवण्याकडं लक्ष नसलेलं पोर मला पाठमोरंही ओळखू येतं. वरून हर्षाली दोनदा म्हणाली, "युवराज, दोर घे." मी ऐकलं. त्यानं ऐकलं नाही. मग ती घसरली. झोळ नसता तर ती टप्प्याच्या वरच लटकली असती. युसरानं नंतर मला दाखवलं, कुठं थांबायला पाहिजे होती ते.

दोर अडवणारं एक यंत्र कमरेच्या पट्ट्याला असतं, त्यात तो आपोआप अडकला, म्हणून थांबला. त्याच्या हातानं नव्हे.

आणि पुढचं. ती वर लटकून ओरडत होती, आणि माझ्या मुलानं आधी खाली पडलेला फोन उचलला. "एक मिनिटात करतो, शेठ," म्हणाला. मग वर बघितलं.

दवाखान्यात शिरताना मला म्हणाला, "आई, पाय घसरला एवढंच सांगू या." ती स्ट्रेचरवर होती, तिनं ऐकलं. तुम्ही आल्यावर तिनं तेच सांगितलं. तुम्ही तिला बोलत होता आणि मी शेजारी उभी होते. माझी जीभ त्या वेळी कुठं होती ते मला विचारू नका.

मी मुलाला काय म्हटलं ते सांगते. म्हटलं, "तू भित्रा असतास तरी चाललं असतं, भित्रा माणूस डोळे उघडे ठेवतो." तो म्हणाला, "आई, एका फोनचं एवढं काय, महिनाअखेर होती." याला मी वाढवलं. संगोपनाचं पत्र मी तुम्हाला पाठवलं होतं. ते फाडून टाकावं.

गिरिजाबाई


सास्तूर,
१४ जानेवारी

गिरिजाबाई,

संक्रांतीचा दिवस हाय, गोड बोलायचा. म्हणून पत्र लिहिते, तोंडानं बोलले असते तर सण नासला असता.

तुम्ही खरं लिहिलं म्हणून तुमचं पाणी उतरलं न्हाय, असं हे म्हणतात. म्या म्हणते, महिनाभर पोरीला दोष लागू दिला त्याचं काय. तिला म्या वाटेल तसं बोलले आणि हात तुमच्या पोराच्या डोक्यावरनं फिरवला. तो हात आता कुठं धुवू?

तिला विचारलं. पत्र तिच्या पुढ्यात ठेवलं. वाचलं आणि घडी घातली. म्हटलं, आईला का न्हाय सांगितलं? म्हणाली, "अव्वा, सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, नवरा सोड आणि दगड पण सोड. मला अजून ठरवायचं होतं, काय सोडायचं ते." मग म्हणाली, "पडल्याचं काही न्हाय. पडायचं असतंच त्यात. मी लटकल्यावर खाली बघितलं, तर तो फोन शोधत होता."

आता ऐका, जावईबापू आले होते परवा. पेढे घेऊन. म्या चहा दिला. म्हणाले, "सासूबाई, एक सेकंद लक्ष दुसरीकडं गेलं असंल."

म्हटलं, "आमचं अख्खं गाव मिनिटभरात गेलं, जावईबापू. इथं सेकंद सांगायचा न्हाय."

रडायला लागले. म्या पदर दिला न्हाय. हर्षाली आतून कुबडीवर आली, समोर बसली आणि म्हणाली, "रडू नको. मला एवढंच सांग, मी दोन वेळा ओरडले, ते ऐकू आलं होतं का?"

म्हणाले, "आलं होतं. वाटलं, थांबंल थोडं."

ती उठून आत गेली. पेढे तसेच हायत, मुंग्या लागल्या.

आता तुमची सून काय म्हणती ते ऐका. म्हणती, तामलवाडीला येईन, सोलापूरला कामाला जाईन, आत्याबरोबर राहीन. नवऱ्याचं नंतर बघू. आणि पाय बरा झाला की तोच कडा परत चढणार. म्या डोकं धरून बसले. पाय मोडला तरी खाज गेली न्हाय. मला वाटलं होतं, निदान या निमित्तानं दगड तरी सुटंल.

तुम्ही तिघं मिळून माझ्या जिवाला लागलाय. तरी पोरगी जाणार म्हणती तर म्या बांधून ठेवत न्हाय. एक सांगते. दोर कोण धरणार, त्याचं नाव लिहून पाठवा. तोवर ती इथंच राहील. आणि "बघू" असं लिहू नका, तो शब्द तुमच्या घरचा हाय.

इरम्मा


तामलवाडी,
२६ फेब्रुवारी

सौ. इरम्माताई यांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. नाव लिहायच्या आधी ते नाव लायक आहे का, हे तपासायचं होतं.

दर रविवारी आणि जमेल त्या संध्याकाळी सोलापूरला जाते. युसराच्या कॉलेजच्या मागं त्यांनी लाकडी भिंत केली आहे, तिथं शिकवतात. साडीवर तो कमरेचा पट्टा बसत नाही. तिनं तिच्या खालाचा, म्हणजे मावशीचा, पंजाबी ड्रेस दिला. आरशात बघितलं नाही. पहिल्या दिवशी पोरं तोंड लपवून हसत होती. मी म्हटलं, हसा, पण दात दाखवून हसा, मला खोकल्याचं सोंग कळतं.

युसरा शिक्षिका म्हणून निर्दय आहे. माझ्या शाळेत असती तर मी तिची बदली होऊ दिली नसती. दोराचा खालचा हात कधी सोडायचा नाही, एवढं एकच वाक्य तिनं मला महिनाभर ऐकवलं. एकदा मी नाकावरची माशी उडवायला तोच हात उचलला. ती म्हणाली, "बाई, दोर दुसऱ्याकडं द्या, आज पुरे," आणि मला घरी पाठवून दिलं. मला. परत येताना बसमधे मी तिला मनात काय काय म्हटलं, आणि उतरताना कबूल केलं की बरोबर होतं.

युवराज म्हणाला, "आई, लोक हसतील." मी म्हटलं, "हसणारा निदान आपल्याकडं बघत असतो." आता तो फारसं बोलत नाही. स्वतःचं ताट स्वतः धुतो. त्याचं कौतुक करावं असं मला वाटत नाही, ताट कुणीही धुतं.

काल युसरानं मला न सांगता वरून उडी टाकली. मी धरली. उतरल्यावर म्हणाली, "आता चालेल."

तेव्हा नाव लिहिते: गिरिजाबाई.

मुलीला कधी पाठवता?


सास्तूर,
१७ एप्रिल

गिरिजाबाईस शरणार्थी.

काल घरी पोचले. हे विचारतात काय काय झालं, आणि म्या नीट सांगत न्हाय, म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्ही तिथं होता, पण तुमचं तोंड वर होतं. मागं काय झालं ते तुम्हाला ठाऊक न्हाय.

पोरीला पोचवायला म्हणून आले होते, कड्याला यायचं नव्हतं. घरीच बसून राहते म्हटलं, तर ऊन यायच्या आत उरकायचं म्हणून तुम्ही अंधारातच सगळ्यांना जीपमधे कोंबलं आणि मलाही. उतरल्यावर म्या दगडाकडं पाठ केली आणि खाली रानाकडं बघत बसले. नांगरट झालेली होती. ढेकळं बघितली. तुमचा तो पंजाबी ड्रेस मात्र बघितला, आणि एवढंच म्हणते की रंग शोभला न्हाय.

जावईबापू पाण्याचे कॅन उचलून मागनं आले. कुणी सांगितलं नव्हतं. फोन जीपमधे ठेवला, म्या बघितलं. ती बूट घालत होती तवा जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "मी धरू का?" ती म्हणाली, "न्हाय." बुटाची नाडी बांधली आणि मग म्हणाली, "अजून न्हाय." तो 'अजून' म्या ऐकला. त्यांनी ऐकला का ठाऊक न्हाय. जाऊन दगडावर बसले, एकटेच.

मग ती चढायला लागली. म्या बघत नव्हते, पण कान झाकता येत न्हायत. कडीत दोर अडकला की टक असा आवाज येतो. एक झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. मग लई वेळ काहीच न्हाय. ती म्हणाली, "आत्या, दोर घे." तुम्ही म्हणाला, "घेतला, बाळा." असला आवाज तुम्हाला हाय, हे मला एवढ्या दिवसांत कळलं नव्हतं.

आणि ती पडली. दगड घासल्याचा आवाज आला आणि तुम्ही ओरडला. म्या वळले. कसं वळले ठाऊक न्हाय. त्र्याण्णवला म्या दोन्ही हातांनी माती उकरत होते, तेच हात पुढं करून पळाले.

बघितलं तर तिच्या वजनानं दोराबरोबर ओढल्या गेलेल्या तुम्ही, जमिनीपासून हातभर वर. चपला खाली, तुम्ही वर, गुडघा दगडावर आपटलेला, ड्रेस फाटलेला. आणि तो खालचा हात मागं असा आवळलेला, बोटं पांढरी. माझी पोरगी त्या टप्प्याच्या वर, अंतर राखून, झुलत होती. पाय टप्प्याला लागला नव्हता. तुमचे डोळे तिच्यावर. म्या तुमच्यापाशी येऊन उभी राहिले, तुमच्या दंडाला धरलं, तरी तुम्ही माझ्याकडं बघितलं न्हाय. म्हणाला, "विहीणबाई, हात काढा, मी कामात आहे."

आयुष्यात माझा एवढा अपमान कुणी केला न्हाय, आणि म्या हात काढला.

ती वर हसत होती. दगडाला हात लावून हसत होती, म्हशीला थोपटावं तसं थोपटत होती. मग परत धरलं, आणि त्या जागेवरनं गेली. गेली म्हणजे काय, एक पाय उचलला आणि ठेवला, बास. एवढ्यासाठी पाय मोडून घेतला व्हय, असं मनात आलं. पण शेवटच्या कडीचा टक झाला तवा कळलं की म्या सगळा वेळ वरच बघत होते.

उतरल्यावर तिनं विचारलं, "अव्वा, कसं वाटलं?" म्या म्हटलं, नांगरट चांगली झाली हाय तिकडं.

दगड मला अजून दगडच वाटतोय. त्याच्यात म्या काही बघितलं असं तिला सांगू नका, लगेच डोक्यावर बसंल. जावयाला माफ केलं असंही समजू नका, ते तिचं ती बघंल, आणि उद्या तिनं न्हाय म्हटलं तर तुम्ही तिला अडवायचं न्हाय, हे आत्ताच लिहून ठेवते. पोरगी म्या तुमच्या हवाली केली हाय, तुमच्या पोराच्या न्हाय.

गुडघ्याला हळद लावा आणि चार दिवस चढउतार करू नका. पुढच्या रविवारी ती परत जाणार हाय म्हणे. मला बोलवू नका, म्या यायची न्हाय. आमच्या जवळच्या लोहाऱ्याहून सोलापूरला पहाटेची पहिली गाडी कितीला सुटते, तेवढं मात्र कळवा. इथं कुणाला नीट ठाऊक न्हाय.

इरम्मा